परीक्षण लिहायला बसलं की गोष्टच सांगून होते: दोष कुठे आणि काढायचा कसा

वाचनालयाच्या चर्चेसाठी, कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवी अंकासाठी कुणी एखाद्या कथेचं परीक्षण लिहितं. हजार शब्द होतात. त्यातले आठशे म्हणजे तीच कथा, थोडक्यात आणि मूळ लेखकापेक्षा जरा वाईट मराठीत. उरलेले दोनशे कौतुकाचे. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत कथावाचनाच्या गटांतून जी परीक्षणं तपासायला येतात, त्यांत हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा दिसतो. लिहिणाऱ्याला वाटतं, आपली भाषा कमी पडते. भाषेचा त्यात फारसा संबंध नसतो. वाचताना 'काय घडलं' एवढंच गोळा केलेलं असतं. मग लिहिताना पिशवीतून दुसरं काय निघणार?

लक्षणं

खालची दोन-तीन जरी जुळली तरी पुढच्या तपासण्या करून घ्या.

पहिलं वाक्य 'ही कथा आहे एका...' असं सुरू होतं आणि पुढचे परिच्छेद 'मग', 'त्यानंतर', 'शेवटी' या शब्दांवर उभे असतात.

'अंतर्मुख करते', 'मनाचा ठाव घेते', 'वास्तवाचं विदारक चित्रण', 'वाचकाला खिळवून ठेवते' यांपैकी निदान दोन आलेली असतात आणि एकाच्याही शेजारी पानक्रमांक नसतो.

लेखकाचं जन्मगाव, नोकरी, पुरस्कार यांना एक अख्खा परिच्छेद. कथेच्या पहिल्या परिच्छेदाला एक ओळही नाही.

'लेखक म्हणतो की...' असं जागोजागी. प्रत्यक्षात ते पात्र म्हणत असतं, किंवा निवेदक.

दोष सांगायची वेळ आली की 'काही ठिकाणी कथा रेंगाळते'. कुठल्या ठिकाणी, हे विचारलं की शांतता.

या सवयीचं मूळ बहुतेकदा शाळेत असतं. दहावीला कवितेचं रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा ठरलेल्या खणांत लिहायचं असतं. बारावीला कथा हा साहित्यप्रकार येतो, तेव्हा कथानक, पात्रं, वातावरण असे घटक पाठ होतात. परीक्षेला ते ठीक. पण खण आधी आणि कथा नंतर, असा उलटा क्रम हाताला बसला की प्रत्येक कथा त्याच कपाटात कोंबली जाते.

आता तपासण्या, सोप्या आणि फुकट असलेल्यांपासून. क्रम मोडू नका. वरची साधी गोष्ट बिघडलेली असेल तर खालची मेहनत वाया जाते.

दोन रंगांची तपासणी (दहा मिनिटं)

स्वतःच्या मसुद्याची छापील प्रत घ्या. जी वाक्यं फक्त घडलेलं सांगतात त्यांना निळी रेघ. जी कथेतल्या एखाद्या शब्दाकडे, वाक्याकडे, जागेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणतात त्यांना लाल. विशेषणांच्या वाक्यांना कुठलाच रंग नाही. 'संवाद अत्यंत प्रभावी आहेत' हे लाल नव्हे.

निळं एक चतुर्थांशाच्या वर गेलं तर बिघाड पक्का. पण तो कुठल्या जातीचा हे वाचनाच्या टिपणांच्या वहीवरून कळतं. वाचताना टिपणं केली असतील, त्यांना पानक्रमांक असतील आणि ती मसुद्यात आलीच नसतील, तर दोष फक्त लिहिण्याचा आहे. कथानक पाच वाक्यांत आवरा, ते तुमच्या मुख्य विधानाच्या आधी न ठेवता नंतर ठेवा, आणि टिपणं आत घ्या. एका संध्याकाळचं काम. वहीच कोरी असेल तर दोष वाचनाचा आहे आणि मसुदा कितीही घासला तरी सुटणार नाही. तो बाजूला ठेवा.

नाव बदलून पाहा (दोन मिनिटं)

परीक्षणातलं कथेचं आणि पात्रांचं नाव खोडून दुसऱ्या एखाद्या कथेचं घाला. जी वाक्यं तशीच्या तशी लागू पडतात ती दोन्हीपैकी एकाही कथेबद्दल नसतात. 'मानवी नात्यांतली गुंतागुंत लेखकाने समर्थपणे टिपली आहे' हे कुठल्याही दिवाळी अंकातल्या कुठल्याही कथेला चालतं. अशी वाक्यं दुरुस्त करत बसू नका, काढून टाका. काय उरतं ते पाहिल्यावर बहुतेकांना पुढच्या तपासण्यांची गरज आपोआप पटते.

प्रत धड आहे ना?

ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही.

१९०९ साली पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीतल्या असंख्य कथा आधी अंकात आणि मग संग्रहात अशा दोनदा छापल्या गेल्या. संग्रह करताना लेखक कथेवर पुन्हा हात फिरवतो, कधी शेवट बदलतो. पाठ्यपुस्तकातली कथा पुष्कळदा संपादित असते. वगळलेलं कुठे आहे ते पानावर दिसत नाही. अंकात कथा जाहिरातींमध्ये तुटते, उरलेला भाग मागच्या पानांवर जातो आणि झेरॉक्स काढणारा नेमकं तेच पान विसरतो. मोबाईलवर फिरणाऱ्या कथांचं तर विचारू नका: लेखकाचं नाव गळलेलं, परिच्छेद एकमेकांत मिसळलेले. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि एखादा 'न' सहज गळतो. एका 'न'ने वाक्य उलटं होतं.

सगळ्यात जास्त घोटाळा करते ती मोकळी ओळ. दोन प्रसंगांमध्ये लेखकाने सोडलेली रिकामी जागा पानाच्या तळाशी आली की दिसेनाशी होते, आणि वाचणारा दोन वेगळ्या दिवसांचे प्रसंग सलग समजून वाचतो. नंतर परीक्षणात 'काळाचा गोंधळ' असा दोष लेखकाच्या माथी बसतो.

म्हणून कुठली आवृत्ती वाचली ते पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि दुसरी मिळाली तर पहिलं आणि शेवटचं पान ताडून पाहा. जुन्या पुस्तकांसाठी ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करायच्या नाहीत हे वेगळं सांगायला नको. पानं जरा लहान करून ए-फोर कागदावर झेरॉक्स काढा, म्हणजे चारही बाजूंनी समास मोकळा मिळतो. खुणांना टूबी पेन्सिल बरी. मऊ असते, कागदाला खाच पडत नाही आणि खोडता येते. हायलायटर नको. त्याने नुसतं रंगवलं जातं, का रंगवलं ते लिहिलं जात नाही.

किती वेळा वाचली?

चार हजार शब्दांची कथा बहुतेकांची अर्ध्या तासात वाचून होते, म्हणजे ट्रान्स हार्बरच्या गाडीत ठाण्याला बसलं की वाशी येईपर्यंत. पहिलं वाचन तिथे खुशाल करा. ते न थांबता, पेन्सिल न घेता करायचं असतं. कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, एवढं संपल्यावर तीन ओळींत लिहा. ही पहिली प्रतिक्रिया नंतर परत मिळत नाही. कथेबद्दल कुणाचं मत किंवा मोबाईलवरचा सारांश त्याआधी वाचला असेल तर ती मुळात मिळालेलीच नसते.

दुसरं वाचन टेबलाशी. शेवट माहीत असताना वाचायचं आणि प्रत्येक परिच्छेदापाशी एकच प्रश्न: हा इथे का आहे? समासात दोन-चार शब्दांत उत्तर, उत्तर सुचलं नाही तर प्रश्नचिन्ह. ती प्रश्नचिन्हंच पुढे कामाला येतात, कारण तिथे एकतर कथेचा दोष असतो किंवा तुमच्या नजरेतून काहीतरी सुटलेलं असतं. दोहोंपैकी काय, हे ठरवणं म्हणजेच परीक्षण. तिसरं वाचन फक्त त्या जागांचं आणि मोठ्याने. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ते टाळून किंवा मधेच आणून लेखकाने काही केलं असेल तर ते डोळ्यांआधी कानाला कळतं.

दोन वाचनांत निदान एक रात्र जाऊ द्या.

निवेदक कोण आहे?

इथून पुढे वेळ लागतो. तपासणीसाठी रचलेला हा उतारा पाहा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या बिल्डिंगमधला समजा.

'मीटिंगला बाबा आले नाहीत. आले नाहीत म्हणजे खाली उतरले नाहीत. पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी ते उभे होते, हे सगळ्यांनी पाहिलं. बिल्डरचा माणूस टेबलावर नकाशा पसरत होता. "बाल्कनी प्रत्येकाला," तो म्हणाला. वहिनीने बाबांचा चहा बशीने झाकून ठेवला. मीटिंग संपली तेव्हा चहावर साय धरली होती. बशी कुणीतरी नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवली होती, वाऱ्याने तो उडू नये म्हणून.'

नेहमीच्या परीक्षणात याचं होतं: 'पुनर्विकासाच्या बैठकीला नाराज असलेले बाबा येत नाहीत.' आता या वाक्यातल्या ज्या शब्दाला उताऱ्यात आधार नाही त्याच्याखाली रेघ मारा. 'नाराज'. तो वाचणाऱ्याने घातला. बाबा नाराज असतील, घाबरले असतील, किंवा कुणी वर येऊन बोलावण्याची वाट पाहत असतील. उतारा ते सांगत नाही, आणि सांगत नाही हीच त्याची करामत. सारांशाने नेमकी तीच मारून टाकली.

'मी' हा शब्द कुठेही नाही, म्हणून हे तृतीयपुरुषी निवेदन असं लिहून मोकळं होऊ नका. मराठीत निवेदकाचा पत्ता नात्याच्या शब्दांत लपलेला असतो. 'बाबा' आणि 'वहिनी' हे शब्द कुणाच्या तरी तोंडचे आहेत. दोन्ही एकत्र धरले तर बोलणारा बहुधा बाबांचा धाकटा मुलगा किंवा मुलगी. बहुधा म्हणायचं कारण, शेजारणीलाही वहिनी म्हणतात आणि एखादे बाबा सगळ्या बिल्डिंगचे बाबा असतात. कथेत दुसरीकडे पुरावा मिळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा. पण तो अंदाज खरा ठरला, तर 'सगळ्यांनी पाहिलं' या दोन शब्दांचं वजन एकदम वाढतं. बाबांना पाहूनही वर न गेलेलं पोर 'मी पाहिलं' न म्हणता 'सगळ्यांनी पाहिलं' म्हणतं आणि गर्दीत मिसळून जातं.

तसेच आदरार्थी प्रयोग. बाबांना 'ते', बिल्डरच्या माणसाला 'तो'. 'वहिनीने' आहे, 'वहिनींनी' नाही. कोण कुणाला कुठल्या रूपात बोलतो याची एक छोटी यादी समासात करा, आणि कथेत मधेच एखाद्याचं 'ते' सुटून 'तो' झालं तर तिथे तारा काढा. भांडणाचा प्रसंग न दाखवता लेखक अशा एका सर्वनामात भांडण लावून देतो.

एक सावधगिरी. इंग्रजी समीक्षेचे धडे वाचलेले काहीजण 'वहिनीने झाकून ठेवला', 'कुणीतरी ठेवली' इथे कर्मणी प्रयोग पाहून 'कर्त्याचं अस्तित्व पुसलं आहे' असं लिहितात. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा कर्मणीच होतो. त्यात लेखकाची निवड नाही, म्हणून अर्थही काढू नये. निवड आहे ती 'कुणीतरी' या शब्दात.

बदलून पाहण्याची युक्ती

निवड ओळखायची कशी? शब्द बदलून. 'कुणीतरी'च्या जागी 'वहिनीने' घाला: दोष घरातल्या एका बाईवर जातो आणि बाकीचे सुटतात. 'बिल्डरच्या माणसाने' घाला: परका माणूस घरातली वस्तू वापरतो, खलनायक तयार होतो, कथा सोपी होते. 'कुणीतरी' ठेवल्यावर मात्र टेबलाभोवतीचा प्रत्येकजण संशयित राहतो, निवेदकासकट. बदलाने काय गेलं हे ज्या वाक्यात सांगता येतं ते परीक्षणातलं खरं लाल वाक्य. आणि बदलूनही काहीच गेलं नाही, तर तो शब्द कथेत सैल बसला आहे, तसंच लिहा. कौतुक आणि दोष दोन्ही एकाच हत्याराने निघतात.

एका कथेतल्या सात-आठ जागांवर ही युक्ती लावली की हजार शब्दांचं परीक्षण निघतं. शंभर जागांवर लावायची नसते. पहिली ओळ, शेवटची ओळ, शीर्षक, जिथे कंटाळा आला ती जागा आणि समासातली प्रश्नचिन्हं पुरेत.

घड्याळ आणि वस्तू

कोऱ्या कागदावर दोन रकाने करा. एकात प्रसंग ज्या क्रमाने घडले तो क्रम, दुसऱ्यात ज्या क्रमाने सांगितले तो. प्रत्येकापुढे किती ओळी खर्च झाल्या ते मोजून लिहा. अंदाजे चालणार नाही, मोजाच. वीस वर्षांना अर्धी ओळ आणि एका चहाला दीड पान असं निघालं तर कथेचा जीव कुठे आहे ते आकड्यांनीच सांगितलं. 'रेंगाळते' हा आरोपही इथेच सिद्ध होतो किंवा पडतो.

वरच्या उताऱ्यात अख्खी मीटिंग गायब आहे. किती चौरस फूट, किती भाडं, कोण भांडलं, काही नाही. त्या जागी आहे ती चहावरची साय. म्हणजे मीटिंग किती चालली ते चहाने सांगितलं, आणि तेवढ्या वेळात तो कप कुणी वर नेला नाही हेही. बशी चहावरून नकाशावर गेली. वाऱ्यापासून जपायचं ते बदललं. कठडा आणि बाल्कनी हे दोन शब्दही शेजारी ठेवून पाहा. बाल्कनीचं आश्वासन खाली दिलं जात असताना माणूस वरती जुन्या कठड्यापाशी उभा आहे.

वस्तूंची यादी करताना चूक होते ती एकच: दिसेल ती वस्तू प्रतीक. कथेत वस्तू निदान दोनदा यावी आणि दुसऱ्यांदा येताना तिचं काम बदललेलं असावं, तरच तिच्यावर बोला. टेबल फक्त टेबल आहे.

भाषेचा सांधा

निवेदन 'केले, गेले, पाहिले' असं प्रमाण लेखनात चाललंय आणि मधेच एखादं वाक्य 'केलं'मध्ये येतं, तिथे थांबा. 'त्याने दार लावले. कुलूप दोनदा ओढून पाहिले. आता कोण येणार होतं म्हणा. मग तो बाकावर बसला.' तिसरं वाक्य निवेदकाचं नाही; अवतरणचिन्हं नसली तरी ते त्या माणसाच्या डोक्यातलं आहे. अशा जागा ओळखता आल्या की 'लेखक म्हणतो' हे लक्षण आपोआप जातं.

पण दोन फसवणुकी आहेत. पहिली मुद्रितशोधनाची. काही अंकांत सगळीकडे एकच रूप करून टाकतात, काहींत निम्मं राहून जातं. एका कथेत असा सांधा निदान तीन ठिकाणी, आणि तिन्ही वेळा पात्राच्या मनापाशी दिसला तर तो लेखकाचा. एकदाच दिसला तर छापखान्याचा असू शकतो. दुसरी फसवणूक जुन्या छपाईची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'केलें', 'घरीं', 'त्यांत' असे अनुस्वार सरसकट आहेत. तो त्या काळचा लेखननियम. त्याला बोलीभाषेचा गोडवा समजून त्यावर परिच्छेद लिहिलेली परीक्षणं अधूनमधून येतातच.

निवाडा

सर्वांत अवघड काम हे, आणि बहुतेक परीक्षणं इथे येईपर्यंत दमतात.

निवाड्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: कथा काय करायला निघाली होती, ते तिला जमलं का, आणि जमलेलं कितपत मोलाचं आहे. पहिलीचं उत्तर कथेतूनच द्या, लेखकाच्या मुलाखतीतून नको. दुसरीला पानक्रमांक लागतात. तिसरीत तुमची आवड येणार, येऊ द्या, पण ती आवड आहे हे कळेल असं लिहा. विषय मोठा म्हणून कथेला गुण देण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. शेतकऱ्याची आत्महत्या, वृद्धाश्रम, स्थलांतर असं काही असलं की परीक्षकाची पेन्सिल आदराने खाली जाते. विषयाला नमस्कार करा आणि मग कथा तपासा.

दोष लिहिण्याची रीत पाहा. 'शेवट खटकतो' याने लेखकालाही काही कळत नाही, वाचकालाही नाही. त्याऐवजी: 'शेवटच्या दोन परिच्छेदांत निवेदक बाबांच्या मनातलं सांगू लागतो, आधीच्या अकरा पानांत तो एकदाही कुणाच्या मनात शिरलेला नाही. बाहेरून पाहण्याची जी शिस्त कथेने पाळली ती इथे सुटते, आणि साय-बशीने न बोलता सांगितलेलं पुन्हा शब्दांत सांगितलं जातं.' यावर कुणी वाद घालू शकतो. घालता येतो, म्हणूनच ते विधान आहे.

कलाटणीचा शेवट असेल तर तो माहीत असताना कथा पुन्हा वाचा. त्याची सूचना आधी निदान दोन जागी असली पाहिजे, आणि पहिल्या वाचनात ती दुसऱ्याच कारणासाठी आली आहे असं वाटलं पाहिजे. सूचना नसेल तर ती फसवणूक. आणि 'मी' म्हणून बोलणाऱ्या निवेदकाला सगळं आधीपासून माहीत असून त्याने वाचकापासून लपवलं असेल, तर लपवण्याचं कारण कथेत आहे का ते शोधा. कारण असलं तर तेच कथेचं खरं रहस्य निघतं.

मसुदा झाल्यावर आपल्या मुख्य विधानाच्या विरुद्ध जाणारी दोन वाक्यं कथेतून मुद्दाम शोधून काढा. सापडली तर परीक्षणात घ्या आणि उत्तर द्या. उत्तर देता येईना तर विधान बदला. याला एक तास लागतो आणि तो सगळ्यात जड जातो.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

चौथ्या वाचनात एकही नवी खूण झाली नाही तर वाचन थांबवा. बारा पानांच्या कथेत तीन वाचनांनंतरही दहा टिपणं होत नसतील, तर कथाच पातळ असू शकते; तसं निवाड्यात लिहायला लाजू नका.

बोलीपाशी थांबा. नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, दिवाळे अशा मूळ गावांतल्या माणसांच्या कथेत आगरी-कोळी संवाद असतील तर अंदाजाने अर्थ लावू नका. ती बोली घरात बोलणाऱ्याला तो संवाद वाचून दाखवा. संदर्भाचंही तसंच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची. त्यानंतरच्या भूसंपादनाभोवती फिरणाऱ्या कथेत म्हातारा विचारतो, 'साडेबाराचं काय झालं?' हे घड्याळ नाही आणि व्याजही नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला देण्याची ती योजना. हे माहीत नसलेल्याने त्या संवादाला 'असंबद्ध' म्हणणं म्हणजे स्वतःची चूक लेखकाच्या नावावर लिहिणं. धर्मविधी, जातीचे व्यवहार, एखाद्या धंद्यातले शब्द यांच्याही बाबतीत जाणकार गाठा, आणि गाठता आला नाही तर त्या मुद्द्यावर लिहू नका.

अनुवादित कथा असेल आणि मूळ भाषा येत नसेल तर 'लेखकाची शैली' यावर एक शब्दही नको. शब्दांची निवड अनुवादकाची असते. घड्याळ, वस्तू, निवेदक इथपर्यंतच्या तपासण्या चालतात. भाषेच्या सांध्याला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो.

दोन आवृत्त्यांत मोठा फरक निघाला, परिच्छेदच्या परिच्छेद वेगळे निघाले, तर कुठली अधिकृत हे स्वतः ठरवू नका. प्रकाशकाला किंवा मराठीच्या प्राध्यापकाला दोन्ही पानं दाखवा. पदवीचा किंवा पीएच.डी.चा प्रबंध असेल तर मार्गदर्शकाला पहिल्या मसुद्याच्याही आधी टिपणांची वही दाखवावी; सारांशाची सवय तिथेच पकडली जाते.

ही कथा दुसऱ्या कुठल्यातरी कथेवरून उचलली आहे असं वाटलं, तर ते परीक्षणात लिहू नका. दोन्ही कथांच्या प्रती समोरासमोर ठेवून संपादकाकडे द्या. आरोप छापायचा की नाही हे तो ठरवील, गरज पडली तर वकिलाला विचारून. उताऱ्यांचंही भान ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये समीक्षेसाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करण्याची मुभा आहे, पण परीक्षणाच्या निमित्ताने अर्धी कथा छापणं त्यात बसत नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्या काळात अख्खी कथा सोबत छापायची असेल तर हक्कदाराची लेखी परवानगी आधी घ्या आणि ते पत्र अंकाच्या फाईलला लावा.